ठाण्याच्या वाट्याला अजून १८५७ चंच विद्यापीठ

प्रति,
अधिसभेचे सर्व सन्माननीय सदस्य,
मुंबई विद्यापीठ, फोर्ट, मुंबई

सप्रेम नमस्कार.

मी ठाण्यात नौपाड्यात राहते. मुंबई विद्यापीठाची पदवी घेतली, कलिन्याच्या विद्यापीठ संकुलात समाजशास्त्रात एम.ए. केलं आणि पुढे ठाणे जिल्ह्यातल्याच एका महाविद्यालयात तो विषय शिकवून निवृत्त झाले. नोंदणीकृत पदवीधरांच्या यादीत माझं नाव आहे. म्हणजे तुमच्यातले जे दहा जण पदवीधरांच्या मतांवर निवडून येतात, त्यांच्याशी तरी मला हक्काने बोलता येतं. बाकीच्यांनी माझ्या वयाकडे बघून ऐकून घ्यावं.

मागणी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे एवढा इतिहास कशाला उगाळते आहे ते कळेल. विद्यापीठाने ठाण्यात स्वतः शिकवावं. नुसत्या परीक्षा घेऊ नयेत, नुसती संलग्नता देऊ नये. पूर्णवेळ प्राध्यापक नेमून, संशोधक विद्यार्थी घेऊन, ग्रंथालय थाटून शिकवावं. बाळकूमला उपकेंद्र आहे, तिथे कायद्याचे आणि व्यवस्थापनाचे पाच-पाच वर्षांचे अभ्यासक्रम चालतात, कल्याणला अभियांत्रिकीचं केंद्र आहे, हे सगळं मला ठाऊक आहे. त्याबद्दल पुढे बोलतेच. पण समाजशास्त्र, अर्थशास्त्र, इतिहास, मराठी, जीवशास्त्र या ज्या विषयांच्या जोरावर विद्यापीठाचं नाव झालं, ते विद्यापीठाचे विभाग मुलुंडच्या चेकनाक्यापलीकडेच राहिले आहेत.

ठाण्याचं आणि विद्यापीठाचं नातं तसं जुनं. बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली ती १६ एप्रिल १८५३ ला, आणि विद्यापीठाचा कायदा झाला १८ जुलै १८५७ ला. आमची रेल्वे तुमच्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. दोन्हींच्या मागे एक नाव समान आहे, मुरबाडला जन्मलेल्या नाना शंकरशेटांचं. ते रेल्वे कंपनीच्या संचालकांत होते आणि विद्यापीठाच्या पहिल्या फेलोंमध्येही होते. आमच्या जिल्ह्याचा माणूस पहिल्या दिवसापासून तुमच्या सभेत बसलेला आहे, एवढंच लक्षात राहू द्या.

आता ते १८५७ चं विद्यापीठ होतं कसं, ते बघू. शिक्षणावरच्या १८५४ च्या वुडच्या खलित्यातून कलकत्ता, मुंबई आणि मद्रास अशी तीन विद्यापीठं निघाली, आणि तिघांनाही नमुना ठेवला तो त्या काळच्या लंडन विद्यापीठाचा. म्हणजे शिकवायचं महाविद्यालयांनी, विद्यापीठाने फक्त परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. शिकवणारी एल्फिन्स्टनसारखी महाविद्यालयं आधीपासून होती, ग्रँट मेडिकल तर १८४५ पासूनचं. विद्यापीठाला स्वतःचा एक वर्ग नव्हता, एक फळा नव्हता, पगारावर एक शिक्षक नव्हता. १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक झाली. शंभरावर मुलं बसली, उत्तीर्ण झाली ती जेमतेम वीसेक. १८६२ मध्ये बी.ए.ची पहिली तुकडी बाहेर पडली ती चौघांची : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. चौघंच, पण त्यातले दोघं असे निघाले की त्यांच्या जिवावर कुठल्याही विद्यापीठाने शंभर वर्षं मिरवावं.

हे चौघं विद्यापीठाने घडवले असं मात्र म्हणता येत नाही. विद्यापीठाने त्यांची परीक्षा घेतली. घडवलं ते एल्फिन्स्टनच्या मास्तरांनी. हा फरक माझ्या पत्राचा कणा आहे.

इमारतींची गंमत तर याहून मोठी. शिकवायचं काहीच नसलेल्या या संस्थेने सर्वांत आधी काय बांधलं, तर पदव्या वाटायचं सभागृह आणि घड्याळाचा मनोरा. सर कावसजी जहांगीर रेडिमनींनी लाख रुपये दिले, त्यातून दीक्षान्त सभागृह उभं राहिलं, १८७४ मध्ये पुरं झालं. प्रेमचंद रायचंदांनी ग्रंथालयाला दोन लाख आणि मनोऱ्याला दोन लाख दिले. अट एकच, मनोऱ्याला आईचं, राजाबाईंचं नाव द्यावं. अमेरिकेतल्या यादवीमुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, त्या तेजीतला हा पैसा. १८६५ मध्ये तेजी कोसळली, प्रेमचंदही बुडाले, पण विद्यापीठाला दिलेला शब्द टिकला. १८७८ च्या नोव्हेंबरात मनोरा पुरा झाला, उंची २८० फूट. आराखडे गिल्बर्ट स्कॉट नावाच्या इंग्रज वास्तुविशारदाचे, ज्याने भारतात पाऊलही ठेवलं नाही. दगड मात्र कुर्ल्याचा. (कलिन्याला जायला आम्ही ठाणेकर कुर्ल्यालाच उतरतो. निदान दगडापुरती तरी आमची वाट एकच.)

एम.ए.ला असताना मी फोर्टच्या त्या ग्रंथालयात बसायची. दगडी जिन्याने वर गेलं की वाचनकक्षाचं लाकडी छत नजरेत भरतं, आणि दुपारी ऊन फिरलं की रंगीत काचांचे तांबडे-निळे कवडसे टेबलावरून, पुस्तकावरून, शेजारच्या वाचकाच्या टकलावरूनही सरकत जातात. सभागृहाच्या मोठ्या गोल खिडकीत बारा राशी आहेत. पण समाजशास्त्राच्या विद्यार्थिनीला खरी ओढ होती ती मनोऱ्यावरच्या पुतळ्यांची. पश्चिम भारतातल्या जातीजमातींचे चोवीस पुतळे तिथे कोनाड्यांत उभे आहेत, आपापल्या पागोट्यांसकट आणि पेहरावांसकट. ते घडवले मुकुंद रामचंद्र या आपल्याच अभियंत्याने. माणसाला जातीच्या पोशाखात दगडात बसवून टाकणं हा त्या काळाचा छंद होता, त्यावर वाद घालता येईल, आम्ही वर्गात घातलाही. पण विद्यापीठाच्या भिंतीवर विद्यापीठाबाहेरची माणसं उभी आहेत, आणि आत त्यांतल्या बहुतेकांना तेव्हा जागा नव्हती, हे त्या इमारतीने न बोलता नोंदवून ठेवलं आहे. २०१८ मध्ये हा सगळा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला. चांगलंच झालं. वारशाचं प्रमाणपत्र भिंतीला मिळालं आहे, हे मात्र विसरू नये.

बाया आल्या त्या उशिरा. स्त्रियांना पदवीची दारं १८८३ मध्ये उघडली आणि १८८८ मध्ये कॉर्नेलिया सोराबजी विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधर स्त्री झाल्या. कुलगुरूपद हिंदी माणसाकडे यायला १८९२ साल उजाडलं. काशिनाथ त्र्यंबक तेलंग कुलगुरू झाले आणि पुढच्याच वर्षी, पंचेचाळिशीही न गाठता, गेले. त्यांच्या जागी भांडारकर आले. म्हणजे पहिल्या तुकडीतला विद्यार्थी कुलगुरूंच्या खुर्चीत बसला. मराठीचं तर विचारूच नका. परीक्षा घेणारं विद्यापीठ होतं म्हणून कुठला विषय परीक्षेला ठेवायचा यावरच सगळी लढाई व्हायची, आणि आपल्या भाषेला वरच्या परीक्षांत जागा मिळावी म्हणून रानडे सिनेटमध्ये शेवटपर्यंत झगडले. तुम्ही आज जिथे बसता ती अधिसभा म्हणजे तीच सिनेट.

विद्यापीठाने खडू हातात घेतला तो कायदा झाल्यानंतर ६२ वर्षांनी. १९०४ च्या कायद्याने विद्यापीठांना शिकवायची मोकळीक मिळाली होती, तरी मुंबईला अर्थशास्त्र आणि समाजशास्त्राची शाळा सुरू व्हायला १९१९ उजाडलं. समाजशास्त्राला आणले पॅट्रिक गेडीस. हा स्कॉटिश माणूस मुळात जीवशास्त्रज्ञ, पण नगररचनेत शिरलेला. शहर पायी फिरून समजून घ्यायचं, आधी निदान आणि मग औषध, असा त्यांचा खाक्या. भारतातल्या कितीतरी शहरांचे अहवाल त्यांनी लिहिले आणि जुने तलाव बुजवायला त्यांचा कडाडून विरोध असे. तलावांच्या गावात राहून, त्यातले बरेचसे बुजलेले बघून, मी जेव्हा गेडीस शिकवायचे तेव्हा मुलं खिडकीबाहेर बघायची. बाहेर पार्किंग होतं.

गेडीसनी एक तरुण हेरला, त्याला विलायतेला पाठवला, आणि तो परत येऊन १९२४ मध्ये विभागाचा प्रमुख झाला. गोविंद सदाशिव घुर्ये, मालवणचे. आजच्या तुमच्या कार्यक्षेत्रातलंच गाव. घुर्ये १९५९ पर्यंत त्या विभागात होते. इरावती कर्वे त्यांच्या विद्यार्थिनी, एम. एन. श्रीनिवास त्यांचे विद्यार्थी, अ. र. देसाई त्यांचे विद्यार्थी. भारतीय समाजशास्त्र परिषद १९५१ मध्ये स्थापन झाली तीही त्यांच्या पुढाकाराने. देशभरातल्या समाजशास्त्राच्या विभागांची वंशावळ काढायला बसलात तर निम्म्या फांद्या फिरून फिरून या एका विभागाशी येतात. मला शिकवलेल्या प्राध्यापकांचे प्राध्यापक घुर्यांकडे शिकलेले. हे असं परीक्षा घेऊन होत नाही. एका छपराखाली चार माणसं वर्षानुवर्षं एकाच विषयावर भांडत बसली, तरच होतं.

रसायनाचंही तसंच. १९३३ मध्ये विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग (यूडीसीटी) काढला, मुंबईच्या गिरण्यांना रंग आणि रसायनं कळणारी माणसं हवी होती म्हणून. पुढे ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने उभे राहिले तेव्हा तिथल्या प्रयोगशाळांत ‘यूडीसीटीचा आहे’ एवढं म्हटलं की पुढचं विचारायची गरज नसे. तो विभाग २००८ मध्ये अभिमत विद्यापीठ होऊन तुमच्यातून बाहेर पडला. पोरगं कर्तं झालं की वेगळं बिऱ्हाड करतं, त्याचं दुःख नाही. पण कर्तं पोरगं शिकवणाऱ्या विभागातूनच निघालं होतं, परीक्षा भवनातून नव्हे.

आणि आता ज्यांचं नाव घेतल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. याच विद्यापीठाचे मॅट्रिक, याच विद्यापीठाचे बी.ए. १९२७ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात विद्यापीठाच्या कायद्यातल्या दुरुस्तीवर चर्चा चालू होती, तेव्हा ते बोलायला उठले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, उच्चातलं उच्च शिक्षण गरजू आणि गरिबांच्या दारापर्यंत नेणं हे विद्यापीठाचं मूळ काम आहे, आणि जे विद्यापीठ नुसत्या परीक्षा घेतं आणि पदव्या वाटतं, त्याला आपलं असणं समर्थनीय ठरवता येणार नाही. जवळपास शंभर वर्षं झाली या भाषणाला. त्यांच्या जयंतीला तुम्ही फोर्टात हार घालता, तेव्हा एकदा ते भाषण मोठ्याने वाचून दाखवावं, अशी आपली एक सूचना.

दारापर्यंत म्हणजे कुठल्या दारापर्यंत? २०११ च्या जनगणनेत ठाणे हा देशातला सर्वांत जास्त लोकसंख्येचा जिल्हा होता, १ कोटी १० लाखांहून अधिक माणसं. २०१४ मध्ये पालघर वेगळा निघाला, तरी दोन्ही जिल्हे तुमच्याच पोटात. या माणसांच्या दारात विद्यापीठ कोणत्या रूपाने येतं, ते मी वर्षानुवर्षं पाहिलं आहे. ते येतं हॉल तिकिटाच्या रूपाने. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी शिपाई बाकांवर खडूने सीट नंबर टाकत फिरतो. सकाळी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे सुटतात, पहिली घंटा होते, आम्ही सुपरवायझर म्हणून ब्लॉकमध्ये जातो. मग तीन तास मुलं पुरवणी मागत राहतात आणि शेवटच्या पाच मिनिटांत पांढऱ्या दोऱ्याची गाठ घालताना त्यांची बोटं थरथरतात. त्यानंतर सुट्टीत आम्ही कॅप सेंटरला, म्हणजे मध्यवर्ती तपासणी केंद्रावर, जाऊन गठ्ठे तपासायचो, दर पेपराला इतके पैसे. मुरबाडच्या पुढच्या एका पाड्यावरून येणारी माझी एक विद्यार्थिनी बी.ए. झाल्यावर मला म्हणाली, ‘मॅडम, आता तरी विद्यापीठात जाता येईल ना?’ तिला वाटायचं, तीन वर्षं झाली की विद्यापीठ सुरू होतं. ती बिचारी चुकत नव्हती. तिच्या तीन वर्षांत विद्यापीठ तिला एकदाही भेटलेलं नव्हतं, भेटला होता तो त्याचा शिक्का. पुढे एम.ए.साठी तिने कलिन्याची चौकशी केली. आधी गावातून कल्याणपर्यंत एसटी, मग लोकल, मग कुर्ल्याहून रिक्षा. घरून नकार आला आणि तिने दूरशिक्षणाचा अर्ज भरला.

दूरशिक्षणाला मी नावं ठेवणार नाही. १९७१ पासून विद्यापीठ पत्राद्वारे शिकवतंय, आणि वागळे इस्टेटमध्ये पाळी संपवून रात्री पुस्तक उघडणाऱ्या कितीतरी कामगारांना त्यानेच पदवी दिली. पण पोस्टाने आलेल्या पुस्तकाला प्रतिप्रश्न विचारता येत नाही.

तुम्ही म्हणाल, आमची कार्यक्षेत्रं एवढी मोठी, कुठे कुठे पुरे पडणार? यावर तुमच्याच इतिहासातलं उत्तर देते. एके काळी हे विद्यापीठ सिंधपासून धारवाडपर्यंत पसरलं होतं. १९४९ मध्ये पुणे, गुजरात आणि कर्नाटक विद्यापीठं झाली आणि पसारा आवरला. तरीही गोवा मुक्त झाल्यावर याच विद्यापीठाने पणजीला पदव्युत्तर अध्यापन आणि संशोधनाचं केंद्र काढलं. तिथे प्राध्यापक नेमले, एम.ए., एम.एस्सी.चे वर्ग चालवले. १९८५ मध्ये गोवा विद्यापीठ सुरू झालं तेव्हा हे केंद्र त्याचा पाया ठरलं. ज्या विद्यापीठाचा हात त्या काळात पणजीपर्यंत पोचला, त्याला बाळकूम लांब पडतं हे मला पटत नाही. पटवायचा प्रयत्नही करू नका.

ठाण्यात काही लोक म्हणतात, मग वेगळं विद्यापीठच मागा ना. कोकणातही ही मागणी आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या लोकांची बाजू वेगळी, तिथून फोर्ट म्हणजे रात्रभराचा प्रवास, त्यांचं त्यांनी ठरवावं. पण ठाण्यापुरतं विचाराल तर माझा या मागणीला विरोध आहे. नवं विद्यापीठ काढलं की आधी काय होतं? कुलगुरू, कुलसचिव, परीक्षा नियंत्रक, त्यांच्या गाड्या, त्यांच्या पाट्या, मग एक बोधचिन्ह. विभाग आणि प्राध्यापक यांचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो, तोवर पैसे संपलेले असतात. आम्हाला आणखी एक परीक्षा भवन नको आहे. शिवाय रानडे, भांडारकर, घुर्ये, आंबेडकर हा वारसा सोडून ‘ठाणे विद्यापीठ’ नावाची कोरी पाटी मी का घेऊ? तो माझाही आहे.

परीक्षांच्या डोलाऱ्याचं म्हणाल तर २०१७ सालची गोष्ट कुणी विसरलेलं नाही. उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचं घाईघाईत ठरलं, निकाल महिनोन्‌महिने रखडले आणि अखेर राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केलं. कुणा एकाला दोष देऊन मोकळं व्हायची तेव्हा सोय होती. खरं दुखणं हे की सात जिल्ह्यांतल्या लाखो उत्तरपत्रिका एका तोंडातून आत घ्यायच्या आणि बाहेर काढायच्या, हे १८५७ च्या रचनेला कधी झेपणारच नव्हतं. २०२१ मध्ये विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’ने तुम्हाला ‘ए प्लस प्लस’ दिलं, अभिनंदन. पण ते कलिन्यातल्या विभागांच्या संशोधनामुळेच ना?

आता तर परीक्षेचं कामही हातातून निसटतं आहे. ठाण्यातली, कल्याणमधली जुनी महाविद्यालयं स्वायत्त झाली. ती आपला अभ्यासक्रम ठरवतात, आपल्या प्रश्नपत्रिका काढतात, आपले निकाल लावतात. मुंबईत काही महाविद्यालयांनी एकत्र येऊन समूह विद्यापीठं केली. आणखी दहा वर्षांनी ठाण्यात मुंबई विद्यापीठाची निशाणी म्हणून पदवी प्रमाणपत्रावरची सही तेवढी उरेल. जे विद्यापीठ परीक्षा घेण्यापुरतंच आमच्याकडे आलं, त्याचं परीक्षा गेल्यावर आमच्याकडे काय काम? हा प्रश्न मी रागाने विचारत नाही. ज्या दिवशी तो अधिसभेत विचारला जाईल, त्या दिवशी बाळकूमचा विषय आपोआप पटलावर येईल.

बाळकूममध्ये कायदा आणि व्यवस्थापन आहे ते असू द्या, त्याला मुलं येतात. पण त्या जागेवरून काय काय दिसतं ते एकदा गच्चीत उभं राहून बघा. एका बाजूला खाडी. ठाणे खाडीला २०२२ मध्ये पाणथळ जागांचा आंतरराष्ट्रीय रामसर दर्जा मिळाला, पण खाडीच्या गाळात, तिवरांत, मासळीत काय चाललंय याचा बारमाही अभ्यास करणारा विद्यापीठाचा विभाग खाडीकाठी असायला नको? चेंदणीचे कोळी कोणती मासळी मिळायची थांबली ते तोंडपाठ सांगतात, ते टिपून घ्यायला एखादा संशोधक विद्यार्थी रोज सकाळी बंदरावर जाऊ शकेल, कलिन्याहून नाही जाऊ शकणार. पलीकडे भिवंडी, यंत्रमागांचं गाव. अर्थशास्त्राला आणि समाजशास्त्राला आणखी कसलं क्षेत्र हवं? येऊरचे पाडे, शहापूर-मुरबाडच्या कातकरी वाड्या, दिवा-मुंब्र्याच्या चाळी, घोडबंदर रोडवरचे चाळीस मजले, हे सगळं एका रिक्षाच्या नाहीतर एका एसटीच्या अंतरात. आगरी बोली घरोघरी ऐकू येते, कीर्तनात आणि लग्नाच्या धवल्यांत टिकून आहे, आणि ती बोलणारी मुलं महाविद्यालयात आली की पहिल्या आठवड्यात ती लपवायला शिकतात. मराठीचा एक विभाग इथे आला आणि त्याने पहिल्या वर्षी दुसरं काही न करता लग्नात धवले गाणाऱ्या म्हाताऱ्या धवलारणींचं ध्वनिमुद्रण जरी केलं, तरी माझा कर वसूल झाला असं मी समजेन. गेडीस असते तर त्यांनी कलिन्यात एक दिवस काढला नसता, थेट कळव्याच्या पुलावर जाऊन उभे राहिले असते.

वाचनाची भूक ठाण्याला नवी नाही. मराठी ग्रंथसंग्रहालय इथे १८९३ मध्ये निघालं, लोकांच्या वर्गणीतून, सरकारची वाट न बघता. विद्यापीठाने बाळकूमला रात्री दहापर्यंत उघडा राहणारा वाचनकक्ष केला आणि फोर्टच्या, कलिन्याच्या ग्रंथालयातलं पुस्तक मागणी केल्यावर इथे दोन दिवसांत मिळायची सोय केली, तर त्याला इमारत नको, एक टेम्पो आणि दोन माणसं पुरतात. आणि वर्ग संध्याकाळचे ठेवा. इथला तरुण दिवसा नोकरी करतो, मुली सकाळी घरचं उरकून निघतात. सहा ते नऊ अशी वेळ ठेवलीत तर वर्ग भरतील, अकरा ते पाच ठेवलीत तर पुढच्या वर्षी तुम्हीच म्हणाल की ठाण्यात प्रतिसाद नाही.

हे सगळं एका वर्षात होणार नाही, मला कळतं. म्हणून अर्थसंकल्पाच्या बैठकीपुरतं इतकंच मागते : बाळकूमला समाजशास्त्र, मराठी आणि पर्यावरण या तीन विषयांचे विभाग, प्रत्येकी निदान चार मंजूर पूर्णवेळ पदांसह. तासिका तत्त्वावरची पदं नकोत. तासाच्या हिशोबाने पैसे घेऊन तीन महाविद्यालयांत धावणाऱ्या माणसाकडून घुर्यांच्या विभागाची अपेक्षा करणं हा त्याचाही अपमान आहे. पैसे कुठून आणायचे असं विचाराल, तर प्रेमचंद रायचंद आजही आहेत, फक्त ते आता घोडबंदर रोडवर इमारती बांधतात. त्यांच्याकडे मागायला गेलं पाहिजे, आणि मागताना मनोऱ्यासाठी मागू नये.

आणखी एक. अधिसभेची एक बैठक ठाण्यात घ्या. जागा आम्ही देऊ. चहा-नाश्त्याचीही काळजी करू नका. सदस्यांनी मात्र त्या दिवशी विद्यापीठाच्या गाडीने न येता सकाळच्या आठ-सव्वाआठच्या लोकलने उलट दिशेने यावं. गाडी रिकामी मिळेल, आणि ठाणे स्टेशनात समोरच्या फलाटावर तुमचे विद्यार्थी कसे चढतात तेही बघायला मिळेल.

ठरावाचा मसुदा मी तयार ठेवला आहे, एक पानभर आहे. तुमच्यापैकी जे सूचक आणि अनुमोदक व्हायला तयार असतील त्यांनी बैठकीची सूचना निघायच्या आत कळवावं. मी फोर्टात आणून देईन.

आपली,
समाजशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका
नौपाडा, ठाणे